एसटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) पाइपचं तोंड बंधाऱ्याखाली न्यायचं म्हणतायत. नदीला खरंच फरक पडेल का?

काठावरचा

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, कारण अर्धवट सांगून सल्ला मागितला की उत्तरंही तशीच येतात.

आमचं गाव कृष्णा खोऱ्यात, एका मध्यम शहराच्या खाली चार किलोमीटरवर. नाव मुद्दाम लिहीत नाही. ग्रामसभा तोंडावर आहे आणि इथं वाचणारे गावातलेही आहेत. शहराचा १२ एमएलडीचा (रोज १२ दशलक्ष लिटरचा) एसटीपी आमच्या शिवेला लागून आहे. त्याचं पाणी सोडणारा सिमेंटचा पाइप नदीत उतरतो, आणि तिथून सहाशे मीटर खाली आमचा कोल्हापुरी बंधारा. पावसाळा सरला, बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पडले, की पाण्याची ओढ संपते. फेब्रुवारीनंतर नदी कसली, लांबुडका डोह असतो नुसता. पाइपचं तोंड पाण्यात बुडतं, वर फक्त बुडबुडे आणि फेसाची कड दिसते.

गावाच्या नळयोजनेची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, त्याच डोहात आहे. त्याच काठाला, पाइपच्या अडीचशे मीटर खाली. हसू नका. जॅकवेल आधीची, पाइप मागाहून आला.

गेले दोन उन्हाळे एप्रिल लागला की पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. चिलापी कसाबसा तग धरतो, वाम तर दिसायचीच बंद झाली. पाणी हिरवं, कडेला जलपर्णी. नळाला क्लोरीनचा असा भपका येतो की चहाची चव जाते. आई अजून दोन हंडे विहिरीचेच आणते.

आता ठरतंय असं, की पाइप काठाकाठानं साडेआठशे मीटर लांबवायचा आणि बंधाऱ्याच्या खाली सोडायचा. आमच्या गावात सगळे खूश. खालच्या गावात सगळे भडकलेले, "तुमची घाण आमच्या दारात कशाला?" म्हणून. माझी धाकटी बहीण त्याच खालच्या गावात दिलेली आहे. मागच्या रविवारी जेवायला गेलो, तर भाकरी वाढता वाढता म्हणाली, "दादा, तुझ्या सहीनंच येणार का आमच्याकडं ते पाणी?" मला उत्तर सुचलं नाही. आमटीत बघून जेवलो.

तर मला एवढंच विचारायचंय: तोंड हलवल्यानं नदी सुधारते, की फक्त आमच्या डोळ्यांआड होते? आणि ग्रामसभेत नेमकं मागायचं काय? ज्यांनी ही कामं जवळून पाहिलीत त्यांनी सांगावं.

जुना ऑपरेटर

काठावरचे, बंधारा आणि बरग्यांचं लिहिलंत हे बरं केलंत, सगळी मेख तिथंच आहे. मी इंजिनिअर नाही. आयटीआय करून लागलो आणि सव्वीस वर्षं वेगवेगळ्या एसटीपींवर पाळ्या केल्या. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि चेंबरमध्ये वाकून पाहिलेलं जास्त सांगेन.

आधी थोडा हिशोब. १२ एमएलडी म्हणजे सेकंदाला साधारण १४० लिटर. समजा वरून नदी सेकंदाला हजार लिटरनं वाहतेय आणि तिचा बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू, लिटरमागं २ मिलिग्रॅम आहे. प्लँट नीट चालून १० बीओडीचं पाणी सोडत असेल, तर मिसळल्यावर ३ च्या आसपास येतो. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा बरोबर ३ आहे, म्हणजे काठावर पास. तेच २० नं सोडलं तर ४ च्या वर. प्लँट आजारी आहे आणि ६० जातोय, तर ९. आणि आता बरगे घाला, नदीची धार बंद करा. मिसळायला काही उरलंच नाही. मग डोहात जे आहे ते तुमच्या पाइपातलंच. १० असो की ६०, तेच. म्हणून "प्रक्रिया केलेलं पाणी आहे हो" हे उत्तर पावसाळ्यात चालतं, मे महिन्यात चालत नाही.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. तीस अंश तापलेल्या पाण्यात लिटरमागं साडेसात मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतच नाही. सांडपाण्यात बीओडीशिवाय अमोनिया असतो आणि तो फार खादाड. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन जिरवायला साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. वाहत्या नदीत तो हवेतून भरून निघतो. दगडाधोंड्यांवरून पाणी खळखळलं की लवकर. पाइपच्या खाली प्राणवायू आधी उतरत जातो, तळाला टेकतो, मग पुढं काही अंतरावर सावरतो. अमेरिकेत ओहायो नदीवर १९२५ साली स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी याचं गणित मांडलं, ते अजून चालतं. पण सावरायला नदी वाहायला लागते. डोहात पाणी तिथंच थांबून कुजतं.

तिसरं, हिरवं पाणी. दिवसा शेवाळ उन्हात पीएच चढवतं. सातच्या आसपास अमोनियाचा शंभरातला जेमतेम एखादा भाग विषारी रूपात असतो. नऊच्या वर गेला की तिसऱ्या हिश्शाहून जास्त. म्हणजे दुपारी विष आणि पहाटे गुदमर, कारण रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेतं. तुमचे मासे पहाटेच का वर येतात त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण लिहू की नको असा विचार करत होतो. लिहितोच. एका ठिकाणी मी होतो (नाव नाही सांगत), तिथं रात्री एक ते पाच टाकीत हवा फुंकणारे ब्लोअर बंद ठेवायचा तोंडी हुकूम होता. वीजबिल. ब्लोअर बंद म्हणजे टाकीतले जिवाणू उपाशी नव्हे, गुदमरलेले. सकाळी सात वाजता सॅम्पल घ्यायचं तोवर पाणी बऱ्यापैकी निवळलेलं. कागदावर सगळं हिरवंगार. म्हणून पाइपच्या आधी प्लँटवर एक रात्र काढा. ब्लोअरचा आवाज अर्ध्या किलोमीटरवरून येतो, आत जायचीही गरज नाही.

आता तोंड हलवायचं. मला एकच सांगा: खालचा बंधारा किती लांब आहे आणि त्याचा फुगवटा, म्हणजे अडलेलं पाणी, मागं कुठवर येतो? तो तुमच्या बंधाऱ्याच्या पायाला टेकत असेल तर पाइप एका डोहातून काढून दुसऱ्या डोहात घातला, एवढंच होईल. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे एकाखाली एक आहेत. तेरवाडला मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. वरच्यानं सोडलेलं खालच्याच्या बरग्यांशी येऊन थांबतं.

आणि जॅकवेल. तिच्याबद्दल चर्चाच नको. काठाला सोडलेलं पाणी लगेच नदीभर पसरत नाही, ते बराच पल्ला त्याच काठाला चिकटून जातं. अडीचशे मीटर म्हणजे काहीच नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, ती आठवा. क्लोरीन वाढवून हे निभत नाही. पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन आधी त्याच्यावरच खर्च होतो. भपका येतोय तो त्याचाच.

रेंटनवासी

मी मूळचा साताऱ्याचा, गेली चौदा वर्षं सिएटलशेजारी रेंटनला. तुमचा प्रश्न वाचून बसल्या जागी उडालो, कारण हीच गोष्ट माझ्या घरापासून दहा मिनिटांवर दोनदा घडलीय.

इथं लेक वॉशिंग्टन नावाचं मोठं तळं आहे. १९५० च्या दशकात काठावरच्या गावांचे प्लँट प्रक्रिया केलेलं पाणी त्यात सोडायचे. १९५५ मध्ये विद्यापीठातल्या एडमंडसन नावाच्या प्राध्यापकाच्या चमूला त्यात एक विशिष्ट शेवाळ सापडलं, युरोपातली तळी नासायच्या आधी दिसलं होतं तेच. तो म्हणाला, फॉस्फरस थांबवा, नाहीतर तळं जाणार. १९५८ मध्ये लोकांनी मत देऊन मेट्रो नावाची सांडपाण्याची यंत्रणा उभी केली आणि १९६३ ते १९६८ या काळात सगळे पाइप तळ्यातून काढले. पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कुठवर दिसते ते मोजतात. आधी ती एक मीटरच्या आतच दिसेनाशी व्हायची, काही वर्षांत तीन मीटरच्या पलीकडे दिसायला लागली. जगभर हे उदाहरण देतात आणि ते खरं आहे.

पण पुढचं फारसं कोणी सांगत नाही. तळ्यातून काढलेलं काही पाणी इथल्या रेंटनच्या नव्या प्लँटला आलं आणि तिथून ग्रीन-डुवामिश नदीत. सॅमनची नदी ती, उन्हाळ्यात बारीक होणारी. अमोनिया, प्राणवायू, जुने ऑपरेटर म्हणतात तेच सगळं तिथं सुरू झालं. शेवटी १९८७ मध्ये ते तोंडही नदीतून काढलं आणि लांब नळ टाकून प्युजेट साउंडच्या खोल खाऱ्या पाण्यात नेलं. म्हणजे तळं सुधारलं ते नदीच्या जिवावर, आणि नदीची सुटका व्हायला पुढं जवळजवळ वीस वर्षं गेली.

आणि आमच्याकडे शेवटी ढकलायला खोल समुद्र होता. तुमच्याकडे खाली अलमट्टी धरण आहे. तुमच्या बहिणीला मी तरी चूक म्हणणार नाही.

साडेसात एचपी

सगळे पाणी हलवा म्हणताय, आमचं कोणी ऐकतंय का?

आमची पण अशीच नदी, असाच बंधारा, असाच पाइप. मे महिन्यात वरून आवर्तन सुटत नाही तेव्हा डोहाची पातळी टिकते ती याच पाण्यावर. माझ्यासारख्या चाळीस जणांच्या मोटारी त्यात आहेत. पाइप बंधाऱ्याखाली गेला तर मोटारी चिखल ओढतील. वास येतो, मान्य. हातापायाला खाज सुटते, तेही मान्य. पण ऊस उभा आहे, आणि युरिया दोन पोती कमी लागतो हेही खरं. काठावरचे, तुमच्या गावातले "सगळे खूश" आहेत म्हणालात. मोटारवाल्यांना विचारलंत का? ते ग्रामसभेत गप्प बसतात आणि काम सुरू झालं की जेसीबीपुढं आडवे होतात.

जुना ऑपरेटर

साडेसात एचपी, एकदम बरोबर बोललात. मघाशी माझ्याकडून हे निसटलं.

१२ एमएलडी म्हणजे रोज एक कोटी वीस लाख लिटर. ठिबक असेल तर उन्हाळ्यात तीनशे-साडेतीनशे एकर ऊस जगतो एवढ्यावर. मग ते आधी नदीत घालून, शेवाळ वाढवून, पुन्हा मोटारीनं उपसायचं कशाला? प्लँटच्या आउटलेटवरच टाकी बांधा आणि उन्हाळ्याचे चार महिने थेट शेतीला द्या. तोंड हलवायचंच तर ते शेताकडं हलवा. अर्थात पाणी नीट प्रक्रिया झालेलं असलं तरच, आणि भाजीपाल्याला नाही. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलवरून पाणी उचलून जुन्या कालव्यात शेतीसाठी सोडतातच. तिथं आधी नदीत घालून मग उचलतात, तेवढं मला पटत नाही. नागपुरात भांडेवाडीचं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. पाण्याला गिऱ्हाईक मिळालं की गिऱ्हाईकच त्याची प्रत तपासतं, हा माझा अनुभव. नदी तक्रार करत नाही, कारखाना दुसऱ्या दिवशी फोन करतो.

दादरकर

आमच्या मुंबईत वरळी आणि वांद्र्याला तीन किलोमीटरच्या वर समुद्राच्या पोटात बोगदे नेऊन तोंड लांब केलंय. किनाऱ्यावरचा वास कमी झाला, हे मान्य. शुद्धीकरण मात्र मागं राहिलं, कारण एकदा लांब सोडता आलं की घाई कोणाला? लंडनवाल्यांनीही हेच केलं होतं. टेम्स नदीच्या १८५८ च्या दुर्गंधीनंतर बॅझलजेट या इंजिनिअरनं गटारं शहराच्या खाली बेक्टन आणि क्रॉसनेसला नेली. शहर सुटलं. १८७८ मध्ये तिथंच 'प्रिन्सेस अ‍ॅलिस' ही प्रवासी बोट धडकून बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि थोड्याच वेळापूर्वी त्या पाण्यात मैला सोडलेला होता. त्यानंतर कुठं त्यांनी गाळ वेगळा काढून जहाजांनी समुद्रात न्यायला सुरुवात केली. समुद्रातच, हं.

काठावरचे, मी फक्त चिडचिड करायला आलो होतो. चालू द्या.

काठावरचा

सगळ्यांचे आभार. चार दिवस गायब होतो, कारण सांगितलेलं करत होतो.

आधी फुगवटा. मेव्हण्याला फोन केला, म्हटलं चल नदीनं चालू. तो आधी हो-नाही करत होता, त्याला वाटलं मी सही मागायला येतोय. खालचा बंधारा आमच्यापासून सव्वातीन किलोमीटरवर. आम्ही तिथून वर चालत आलो. त्याचा फुगवटा आमच्या बंधाऱ्याला टेकत नाही. मधे चारेकशे मीटर खडकाळ पट्टा आहे, घोट्याएवढं पाणी, बरग्यांच्या फटींतून गळणारं. तिथं पाणी स्वच्छ होतं. खडकाला काळे गोगलगाय चिकटलेले, आणि बोटाएवढे मासे आमच्या सावलीला भिऊन पळत होते. मेव्हणा म्हणाला, "लहानपणी सगळी नदी अशीच होती की." त्या पट्ट्याच्या तोंडाशीच नवा पाइप सोडायचा आराखडा आहे. आणि तो पट्टा जिथं संपून फुगवटा लागतो, तिथं त्यांचा धुण्याचा घाट. माझी बहीण तिथंच येते.

मग रात्र. चुलतभावाला घेऊन बांधावर घोंगडं टाकून बसलो. ब्लोअरचा आवाज म्हणजे लांबच्या पिठाच्या गिरणीसारखा, एकसुरी. एक वाजून दहा मिनिटांनी तो थांबला. आधी कळलंच नाही, अचानक बेडूक ऐकू यायला लागले तेव्हा लक्षात आलं. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी परत सुरू. दुसऱ्या रात्री एक वाजून पाच, पाच वीस. तिसऱ्या रात्री पाऊस शिंपडला म्हणून गेलो नाही. पहिल्या रात्री साडेचारला पाइपच्या बाजूला बॅटरी मारली तर पाणी ताकासारखं गढूळ, आणि वास कुबट. दुपारी तेच पाणी बऱ्यापैकी नितळ असतं. एक बाटली भरून झाकण घट्ट लावून गोठ्यात सावलीला ठेवली होती. दोन दिवसांत तळाला काळं जमलं. उघडल्यावर म्हैस सरकली.

साडेसात एचपी, मोटारवाल्यांनाही भेटलो. आमच्याकडे सव्वीस मोटारी आहेत, मला वाटत होतं दहा-बारा असतील. ते थेट पाण्याला तयार आहेत, फक्त पाइपलाइनचा खर्च कोण करणार हे आधी ठरवा म्हणतात. बरोबरच आहे.

तर मी सध्या असं धरलंय: जॅकवेल एसटीपीच्या वर न्या, हे पहिलं आणि बिनशर्त. रात्रीचा ब्लोअर, हे दुसरं. पाइप लांबवायच्या ठरावावर मी सही करणार नाही, निदान शेतीला पाणी द्यायचं बघून होईपर्यंत तरी. गावात लोक तोंड फिरवतायत, त्याला इलाज नाही. मेव्हणा म्हणतो, हेच सगळं आमच्या ग्रामसभेत येऊन बोल. गुरुवारी जातोय.

जुने ऑपरेटर, एकच विचारायचं राहिलं. ब्लोअर किती तास चालला याची प्लँटवर नोंद असते ना? ती अर्जात काय नावानं मागायची?

जुना ऑपरेटर

"डेली लॉगशीट, ब्लोअर रनिंग अवर्ससह" असं लिहा. त्याच महिन्याची वीजबिलं पण मागा, युनिटचा आकडा आणि लॉगशीट जुळतंय का बघा. लॉगशीटवर रोज २४ तास लिहिलेलं असणार, ते धरूनच चाला. बघायला मागू नका, नक्कल मागा. आणि तुमच्या वहीत ज्या दोन रात्री लिहिल्यात ना, त्यावर चुलतभावाची पण सही घेऊन ठेवा.